बसा म्हणणारं माणूस

१९८८ साली आमच्या बों अक्योय गावची भगवती गेली, तेव्हा तिला सकाळी उचललं आणि दुपारच्या जेवणाआधी राख करून सगळे मोकळे झाले. अंगणात पत्र्याचा मांडव नाही, मागून आणलेल्या खुर्च्या नाहीत, चहाचं पातेलं नाही, पत्त्यांचा डाव नाही. तिची लेक कुंती, लाकडं रचणारे दोघं, गाडीवाला आणि घड्याळाकडे बघत मंत्र म्हणणारे महाराज, एवढ्यांत आटोपलं. गावाला त्याचं भारी कौतुक. कुणी म्हणालं, म्हातारी सुधारलेली होती, लांगलेतेरची पद्धत उचलली तिने. आमच्याकडे इंग्लंडला लांगलेतेर म्हणतात. कुणी म्हणालं, किती साधी बाई, कुणाला त्रास नको म्हणून घरातून सरळ चितेवर गेली. मराठी मंडळाच्या सभेत तिच्या साधेपणावर चार शब्दही बोलले गेले.

साधेपणा! भगवतीच्या अंगात साधेपणा औषधालाही नव्हता. ती सरळ जाळून घ्यायला का तयार झाली, ते सभेत बोलणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते साधेपणावर बोलले.

भगवती ही उसाच्या मळ्यात राबलेली, काटक, काळीसावळी बाई. नवरा बलराम तोंडात मारली तरी बोलणार नाही असा, त्यामुळे त्याच्या वाटणीचं बोलणंही हीच बोलायची. मूल एकच, तेही उशिरा झालेलं, कुंती. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, मागे मिरचीची चार झाडं. या बाईला आयुष्यात हौस म्हणून एकच होती, ती म्हणजे मयताची बैठक.

आमच्या गल्लीत माणूस गेलं की रात्रभर त्याच्यासाठी बसायचं. लोक येताना एकेक लाकूड घेऊन येत, ते कुंपणाशी टेकवून ठेवत आणि अंगणात उभे राहत. उभेच. कारण भावकीतलं वयाने मोठं माणूस दारात येऊन ‘बसा’ म्हणत नाही तोवर खुर्चीला पाठ लावायची नाही. पुरुष असो की बाई, वय मोठं असलं की झालं. फक्त ज्या घरात मयत त्या घरच्याने म्हणायचं नाही. कोकणातून जहाजाने आलेल्या पणज्यांनी ही रीत बरोबर आणली की इथे मळ्यावर आल्यावर काढली, देव जाणे. पण त्या एका शब्दाशिवाय बैठक ही बैठक नव्हती, नुसती गर्दी होती. आणि बैठक झाली नाही तर माणूस नीट गेला नाही.

भगवती एकही बैठक चुकवायची नाही. पुढच्या ओळीत बसून ती चहा पाणचट आहे का बघायची, सुनेचं रडणं खरं की कोरडं ते ठरवायची, आणि सकाळी पाणवठ्यावर सगळा निकाल जाहीर करायची. एका विधवेच्या तोंडावर ती म्हणाली होती, “तुझ्या घोवाला लोक दुसऱ्या चहालाच विसरले गं.” ती बिचारी पदर तोंडात कोंबून घरात पळाली. लोक हसले. अशी ही आमची साधी बाई.

भावकीत सगळ्यांत मोठा होता राधाकृष्ण, बलरामचा चुलत भाऊ. मळ्यावर सरदार, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, देवळाच्या कमिटीत पुढे, आणि ‘बसा’ म्हणण्याचा मान त्याचा. तो हा शब्द असा म्हणायचा, जणू खुर्च्या त्याच्या बापाने केल्या होत्या. त्याची बायको इंद्राणी मात्र सावलीला सावली. घरात आहे की नाही ते भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. भगवती तिला ‘जाऊबाई’ म्हणे आणि पाठीमागे ‘मुकी’ म्हणे.

१९७५च्या फेब्रुवारीत जर्वेझ नावाचं वादळ आलं. त्या सिक्लोनने बेटावरचा ऊस झोपवला, पत्रे उडवले, झाडं रस्त्यांवर आडवी केली. भगवतीच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट निघून अंगणात पडलं. वारा ओरडत असतानाच बलरामच्या छातीत कळ आली. तो आयुष्यभर बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. भिंतीला टेकून बसला आणि गेला. भगवतीला वाटलं, वाऱ्याला भिऊन गप्प बसलाय.

सिक्लोन गेलं आणि त्याच्यामागून ऊन आलं. कसलं ऊन! ओल्या जमिनीतून वाफा निघत होत्या. प्रेत ठेवायची सोय नाही. महाराज पलीकडच्या गावात अडकलेले, रस्ता बंद. वास सुटायला लागला तेव्हा शेजारच्या दोघांनी भगवतीला सांगितलं, आता थांबता येणार नाही. लाकडं सगळी भिजलेली. मग निघालेलं दार फोडलं, बलरामची खाट फोडली. ते पुरणार नव्हतं. तेवढ्यात मागच्या वाटेने इंद्राणी आली. डोक्यावर फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, वाळक्या लाकडांचा भारा, गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेला. भारा टाकला, काही न बोलता परत गेली आणि दुसरा घेऊन आली. नवऱ्याला विचारलं नव्हतं हे तिच्या धापेवरूनच कळत होतं. त्या लाकडांवर बलराम जळला. दोन शेजारी, मायलेकी, बस्स.

आता खरी गंमत ऐका. चिता विझली तेव्हा भगवतीला आतून शांत वाटलं होतं. कुणी चहा मागितला नाही, रड म्हणून सांगितलं नाही, बघायला टपलेले डोळे नव्हते. आपण आणि आपलं माणूस. असंही जाता येतं, हे तिला त्या दुपारी कळलं होतं. ते कळलेलं तिने जपलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बाई हौशी. रस्ते मोकळे झाल्यावर तिने बलरामच्या अस्थींचं मडकं स्टुलावर ठेवलं, उसन्या खुर्च्या मांडल्या, पातेलंभर चहा केला आणि राधाकृष्णाकडे निरोप धाडला, की आता तरी येऊन बैठक लावा.

राधाकृष्ण आला. चार माणसांना घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिला. मडक्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “राखेसाठी कोण बसत नाय, भगवती. माणसासाठी बसतात. तुला थांबायला काय झालं होतं?”

“थोरले भावजी, वास सुटला होता,” भगवती म्हणाली.

“मग झालं तर. कचरा जाळतात तसा जाळलास. आता चहा कोणाला पाजतेस?”

मागचे चौघे हसले. सरदाराने टोमणा मारला की हसायची त्यांना मळ्यावर सवय लागली होती. राधाकृष्ण वळला, त्याच्यामागे ते वळले. पातेलंभर चहा गार होत राहिला.

दुपार कलली तेव्हा मागच्या दाराने इंद्राणी आली. खुर्चीवर बसली नाही, मडक्यापाशी जमिनीवर बसली. गार चहाचा एक कप तिने हळूहळू पिऊन संपवला. नवरा मळ्यावरून परतायची वेळ झाली तशी उठली आणि आली तशी गेली. भगवतीने हे काही हिशेबात धरलं नाही. मुकी बाई, चोरून आली, चोरून गेली, ती काय बैठक?

त्या दिवसापासून गल्लीत शब्द पडला, बिनबैठकीचा. बलराम बिनबैठकीचा गेला. मग भगवती बिनबैठकीची, कुंती बिनबैठकीची. कुणाची गाय आटली, कुणाचा मुलगा परीक्षेत नापास झाला, की लोक भगवतीच्या पत्र्याकडे बघत, बलराम अजून तिथेच घुटमळतोय म्हणत. आणि पाणवठ्यावर ती पदर तोंडात कोंबणारी विधवा आता सगळ्यांत मोठ्याने हसायची. तिला हसायचा हक्क होता, हे मी मान्य करतो.

कुंती विशीत आली तेव्हा विमानतळाजवळच्या प्लेन मान्येनहून स्थळ आलं. मुलगा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, घर पक्कं. मुलगी पसंत पडली. रिवाजाप्रमाणे पाहुणे भावकीतल्या मोठ्याकडे चौकशीला गेले. राधाकृष्णाने त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाला, “पोरगी सोन्यासारखी हाय. बाप तेवढा बिनबैठकीचा गेला.” खोटं काहीच बोलला नाही. पाहुण्यांनी सरबत संपवलं आणि बसने परत गेले ते गेलेच. पुढे दुसरं स्थळ आलं नाही. कुंती गुडलँड्सला स्वेटरच्या फॅक्टरीत लागली, तिथेच खोली घेऊन राहिली आणि सुट्टीला येऊन आईशी भांडून जाऊ लागली. “त्या म्हाताऱ्याच्या एका शब्दासाठी तू माझा जनम घालवलास,” ती म्हणायची. भगवती म्हणायची, “तो शब्द तुझ्या बापाचा हाय.”

भगवतीला खरोखर एवढंच हवं होतं. राधाकृष्णाने तिच्या अंगणात यावं आणि बलरामसाठी एकदा ‘बसा’ म्हणावं. ती दुसऱ्यांच्या बैठकींना जात राहिली, पण तिथे राधाकृष्ण ‘बसा’ म्हणाला की सगळे बसत आणि ही भिंतीला टेकून उभी राही. रात्रभर उभी. पाय सुजत, तरी उभी. लोकांना चहा गोड लागेनासा झाला. राधाकृष्ण तिच्याकडे बघायचा नाही, पण ती आहे हे त्याच्या मानेवरून दिसायचं. दर वर्षी बलरामच्या तिथीला ती अंगणात दोन खुर्च्या मांडायची आणि अंधार पडला की आत घ्यायची. अकरा वर्षं ही बाई एका शब्दाच्या पाठी लागली होती. माणसाने देवाच्या पाठी इतकं लागावं, तो तरी पावतो.

१९८६ साली राधाकृष्ण लांगलेतेरला गेला. त्याचा मुलगा देवानंद तिकडे इस्पितळात नर्स होता, त्याने बापाला विमानाचं तिकीट पाठवलं. इंद्राणी मागे राहिली, गाय कोण बघणार म्हणून. राधाकृष्ण कोट शिवून, गल्लीभर निरोप घेऊन गेला. तिकडची थंडी त्याच्या छातीत बसली आणि महिन्याभरात तो आटोपला.

बातमी आली तेव्हा भगवती मिरच्या खुडत होती. ती रडली. लोकांना आश्चर्य वाटलं. मग तिचे शब्द ऐकू आले तेव्हा आश्चर्य संपलं. “मेला! माझं न देता मेला!” ती छाती बडवून ओरडत होती. “आता कोण म्हणेल? आयो, आता कोण म्हणेल?”

देवानंद रविवारी आला. बापाला बरोबर घेऊन आला, म्हणजे तपकिरी डबा घेऊन आला, झाकण फिरवून बंद केलेला, कॉफीचा असतो तसा. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं म्हणे, ही कसली पावडर. देवानंद म्हणाला, माझे वडील. मग गाडी प्लेन मान्येनवरून निघाली, ज्या रस्त्याने कुंतीचं स्थळ परत गेलं होतं त्याच रस्त्याने, आणि गावचा सरदार मुलाच्या मांडीवर बसून बों अक्योयला पोचला.

अंगणात पत्रे टाकले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. गल्ली जमली होती, कुंपणाशी लाकडं टेकवली होती. जाळायचं काही उरलं नव्हतं, पण हात सवयीचे. डबा खाटेवर पांढऱ्या चादरीत ठेवला, वर झेंडूचा हार. हार डब्यावरून घसरून घसरून पडत होता. कोणीतरी शेवटी तो दोऱ्याने बांधला.

“असा कसा आणलास रे?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “तिकडे कोण बसलं की नाय?”

“तिकडे असंच असतं, काका,” देवानंद म्हणाला. तो थकलेला होता, मराठीत क्रेओल मिसळत होता. “लोपितालमधून सरळ भट्टीत. बिना पूजा, बिना लोक. ते विचारतात, तुम्हाला काही करायचंय का, की सरळ? मला रात्रपाळी होती, इथून येणारं कोण नव्हतं. मी म्हटलं, सरळ. साफ असतं, शांत असतं. मी पण आत नव्हतो. नंतर फोन करून सांगतात, डबा घेऊन जा. सेम सा.”

सेम सा, म्हणजे एवढंच. अंगणात कुणी खोकललं. आतून, दाराच्या पडद्याआडून, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. इंद्राणीने नवऱ्याचं तोंडही बघितलं नव्हतं, आणि मुलगा ‘एवढंच’ म्हणत होता. तसा तो वाईट मुलगा नव्हता. दमलेला होता.

लोक उभे होते. ऊन तिरपं झालं तरी उभेच होते. मग एकेकाच्या लक्षात आलं की ‘बसा’ म्हणणाराच डब्यात आहे. भावकीत आता मोठं कोण? इंद्राणी घरची, तिला म्हणता येत नाही. माना वळल्या. भिंतीपाशी भगवती उभी होती, नेहमीसारखी.

देवानंद तिच्याकडे आला, वाकून पाया पडला. “काकी, लोक कधीचे उभे आहेत. तुम्ही म्हणा.”

अकरा वर्षं ज्याच्यामागे भगवती धावली, तो शब्द तिच्याच हातात येऊन पडला होता. म्हटला असता तर? तर ठरलं असतं की राखेसाठीही बसतात, डब्यासाठीही बसतात. उद्या त्याच लोकांना ती बलरामसाठी बसवू शकली असती, स्वतःच्या घरी स्वतः म्हणता येत नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून. इतका सरळ हिशेब होता. पण अकरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही. ती दारात गेली, डब्याकडे बघितलं, बांधलेल्या हाराकडे बघितलं, आणि तिला भारी आनंद झाला.

“राखेसाठी कोण बसत नाय,” ती मोठ्याने म्हणाली. “माणसासाठी बसतात. मी नाय म्हणत. तोच म्हणून गेलाय.”

उलट बोलणार कोण? वाक्य सरदाराचं होतं, आणि त्यातले चौघे त्या वाक्याला हसले होते. शिवाय खरं सांगायचं तर लोकांनाही निमित्त हवं होतं. डब्यात बघायला तोंड नव्हतं, रडायला सूर लागत नव्हता, आणि टीव्हीवर संध्याकाळी सिनेमा होता. पहिल्यांदा मागचे सरकले. मग बायका. प्रत्येकाने कुंपणाचं आपलं लाकूड उचललं, ते काही सोडलं नाही कुणी. थोड्याच वेळात अंगणात रिकाम्या खुर्च्या, देवानंद आणि भगवती उरली. देवानंद कपाळाला हात लावून पायरीवर बसला.

भगवतीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. ती वाट बघत उभी राहिली.

पडदा सरकला. इंद्राणी बाहेर आली. हातात चहाचा ट्रे, दहाबारा कप भरलेले. तिने रिकामं अंगण बघितलं. ट्रे खुर्चीवर ठेवला. मग भगवतीकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईचा पुरा आवाज गल्लीने ऐकला.

“कोण बसत नाय?” ती म्हणाली. “मी बसले नव्हते? तुझ्या घोवाच्या राखेपाशी मी बसले नव्हते, भगवती? गार चहा प्यायले होते ना तुझा?”

भगवतीला तो भारा दिसला, ती धाप दिसली, जमिनीवर मांडी घालून चहाचा कप धरलेले ते हात दिसले. बलरामची बैठक झाली होती. एका बाईने केली होती. तीच एकटी होती जी बसली, आणि तिच्याच अंगणातून भगवतीने गाव परतवलं होतं. लाजेने तिचं अंग पेटलं. राधाकृष्णावर उगवायचा सूड त्याला लागलाच नाही, तो तर डब्यात बंद होता. तो लागला या मुक्या बाईला.

“बसा,” भगवती म्हणाली. पुन्हा म्हणाली, मोठ्याने, कुंपणाकडे तोंड करून, “बसा! अरे बसा!” गल्लीत कुणी मागे वळलं नाही. एका घरातून सिनेमाचं गाणं लागलं.

मग ती स्वतःच खुर्चीकडे गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा बसायला वाकली.

“तू नको,” इंद्राणी म्हणाली. आवाज पुन्हा हळू झाला होता. “तुला नाय बसू द्यायची मी.” तिने ट्रे उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मायलेक डबा घेऊन समुद्रावर गेले. देवानंद आठवड्याने परत लांगलेतेरला गेला. गल्लीने शब्द वाया घालवला नाही, आता इंद्राणीला बिनबैठकीची म्हणू लागले. भगवतीने दोनतीनदा तिच्या मागच्या दाराशी वाळकी लाकडं नेऊन ठेवली. सकाळी ती भगवतीच्याच कुंपणाशी परत आलेली असत.

तिने बैठकींना जाणं सोडलं. आजारी पडली तेव्हा कुंती गुडलँड्सहून येऊन राहिली. एके दुपारी भगवती म्हणाली, “मला सरळ न्या. तिकडे नेतात तसं. पत्रे नको, खुर्च्या नको, चहा नको.”

कुंती चिडली. “आई, जनमभर बैठक बैठक केलंस, माझं लग्न मोडलंस त्याच्यासाठी, आणि आता सरळ? किफेर, का पण?”

भगवती भिंतीकडे तोंड करून पडली होती. “माझ्यामागे भावकीत मोठं कोण उरतं?” ती म्हणाली.

कुंतीने विचार केला. “इंद्राणीकाकी,” ती म्हणाली.

“मग मांडून ठेवशील खुर्च्या,” भगवती म्हणाली, “आणि बसा म्हणायला तिला कोणत्या तोंडाने बोलावशील?”

कुंतीने पांघरूण सारखं केलं आणि ती औषध आणायला उठली.